वाजवणाऱ्याचे मत

‘रॅग्नारॉक’ नावाचा एक खेळ २०२१ साली फ्रान्समधील एका कंपनीने बाजारात आणला. खेळणारा डोळ्यांवर आभासी वास्तवाचे उपकरण बांधतो, दोन्ही हातांत एकेक नियंत्रक धरतो आणि एका व्हायकिंग नौकेवर जाऊन उभा राहतो. पुढ्यात चार ढोल, हातांत दोन हातोडे, समोर वल्ही मारणारे गडी. गाणे सुरू झाले की दुरून खुणा सरकत येतात. खूण ढोलावर पोचेल त्याच क्षणी त्या ढोलावर ठोका पडला पाहिजे. अचूक ठोक्यांची माळ साधली की नाव वेग घेते.

या आणि अशा खेळांविषयी खेळणारे जे बोलतात ते मोठे उद्बोधक असते. पहिली गोष्ट हाताची. हातोडा ढोलावर पडतो, आवाज येतो, नियंत्रक थरथरतो. पण हाताला खाली काही लागत नाही. ठोका हवेतच थांबवावा लागतो आणि हवेतूनच उचलावा लागतो. दुसरी गोष्ट वेळेची. चित्र, आवाज आणि हात यांच्यात किंचितही अंतर पडले तर हात बरोबर असूनही ठोका चुकीचा ठरतो; म्हणून असे अनेक खेळ सुरुवातीलाच हे अंतर जुळवून घ्यायला सांगतात. तिसऱ्या गोष्टीवर दोन तट आहेत. ज्यांना खरे तालवाद्य येते ते म्हणतात, हे वाजवणे नव्हे, हा नेम धरण्याचा खेळ. ज्यांनी कधी काठी हातात धरली नव्हती ते म्हणतात, ताल अंगात उतरतो म्हणजे काय ते आज कळले.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. ताल मोजायचा कसा आणि धरायचा कसा, या दोन्ही प्रश्नांचा खानदेशाशी जुना संबंध आहे. आणि एका तिसऱ्या प्रश्नाचाही आहे, जो सहसा विचारला जात नाही: जो वाजवतो त्याचे मत आजवर कोणी नोंदवले?

पाटण आणि देवगिरी

चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. इ.स. १२०७ च्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. लेख संस्कृतात असला तरी शेवटचा दानाचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, म्हणून भाषेचे अभ्यासकही त्याकडे वळतात. हा चंगदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता.

त्याच सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ त्याने लिहिला; पाचवा अध्याय तालाचा, सहावा वाद्यांचा. संगीताचा हा थोर शास्त्रकार हुद्द्याने श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. तालाध्याय वाचताना हा हिशेबनीस जागोजागी भेटतो. द्रुत हे सर्वांत लहान माप. दोन द्रुतांचा लघू, चारांचा गुरू, सहांचा प्लुत. आता सहा द्रुतांएवढा काळ या तुकड्यांनी किती प्रकारे भरता येईल? उत्तर १९. सात द्रुतांचा? ३३. असे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याच्या रीतीला प्रस्तार म्हणतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त छंदांविषयी हाच प्रश्न घातला आहे: सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंनी किती भेद होतात? ६४. चारही चरणांचे मिळून? १,६७,७७,२१६.

दोघांपैकी एकाचे ग्रंथ पाटणच्या मठात शिकवले जात होते, दुसरा देवगिरीला राज्याचा हिशेब पाहत होता, आणि दोन्ही ठिकाणांमध्ये सातमाळ्याचे डोंगर तेवढे आडवे. काळाचे सारखे घर आखायचे आणि कोणत्या घरात काय पडेल याची यादी करायची, ही कल्पना येथे आठशे वर्षांपूर्वी पूर्ण वाढलेली होती. आजच्या तालखेळाचा पाया हाच आहे. सरकत येणारी प्रत्येक खूण म्हणजे काळाच्या पट्टीवरचे एक भरलेले घर. म्हणून वंशावळच काढायची तर हा खेळ ढोलापेक्षा प्रस्ताराच्या अधिक जवळचा.

खेळ ढोलाकडे कसा आला

तालाचे व्हिडिओ खेळ प्रथम जपानमध्ये रुजले. १९९६ साली ‘पॅरापा द रॅपर’ आला, १९९७ मध्ये कोनामी कंपनीचा ‘बीटमॅनिया’, १९९८ मध्ये पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’, १९९९ मध्ये ‘ड्रममॅनिया’. २००१ साली नामको कंपनीने ‘ताइको नो तात्सुजिन’ काढला. त्यात खरोखरचा, काठ्यांनी बडवायचा ढोल यंत्रापुढे बसवलेला होता. लाल खुणेला पुडीच्या मध्यावर ठोका, निळ्या खुणेला कडेवर. मधल्या ठोक्याचे नाव ‘दोन’, कडेच्या ठोक्याचे ‘का’. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी हात ठेवण्याआधी ‘धा’ आणि ‘तिं’ तोंडाने म्हणतो, तशीच तिकडेही ठोक्याला तोंडी नाव देण्याची परंपरा आहे. खेळाने तीच उचलली. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतील ‘रॉक बँड’ने घराघरांत ड्रमच्या चकत्या नेल्या. २०१८ मध्ये प्रागच्या ‘बीट सेबर’ने वाद्यच काढून टाकले, हवेतून येणारे ठोकळे तलवारीने कापायचे, एवढेच उरले. त्यानंतरच्या ‘रॅग्नारॉक’ने ढोल परत आणला, पण फक्त डोळ्यांपुरता.

या पंचवीस वर्षांत न्यायाधीश मात्र बदललेला नाही. ठोका बरोबर की चूक हे यंत्र ठरवते. क्षणाच्या अलीकडे-पलीकडे एक अरुंद खिडकी असते. ठोका तिच्यात पडला तर गुण, बाहेर पडला तर माळ तुटली. शार्ङ्गदेवाची घरे आता पहारेकऱ्यासह आली आहेत.

सातपुड्याचा न्याय

सातपुड्याच्या पायथ्याशी होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांचे लोक आपापले ढोल आणि मांदळ घेऊन तेथे उतरतात. अक्कलकुव्याजवळच्या काठी गावची राजवाडी होळी आता नंदुरबार जिल्ह्यात येते. १ जुलै १९९८ पर्यंत तो सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. होळी पेटते ती पहाटे, आणि तोवर रात्रभर ढोल चालतो. साक्रीकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, गोंधळात संबळ, तमाशात ढोलकी आणि हलगी.

या ठिकाणी ठोका बरोबर की चूक हे पाय ठरवतात. नाचणाऱ्यांचे रिंगण जड झाले तर ढोलवाला चाल हलकी करतो, रिंगण तापले तर तोही चढतो. घड्याळाने मोजले तर पहिल्या तासाची आणि चौथ्या तासाची लय एक भरणार नाही. यंत्राच्या हिशेबाने तो चुकला. रिंगणाच्या हिशेबाने तो बरोबर आहे, कारण कोणाचाही पाय अडखळलेला नाही.

वेळेच्या अंतराचा प्रश्नही येथे जुनाच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत पुढचा ढोल आणि मागचा ढोल यांच्यात ३४ मीटर अंतर असेल तर पुढचा ठोका मागच्याला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. द्रुत चालीत एवढे अंतर पुष्कळ झाले. म्हणून मागचे वाजवणारे कानावर विसंबत नाहीत, पुढच्याची काठी डोळ्यांनी पाहतात. खेळात जे अंतर यंत्राला सांगून मिटवावे लागते, ते येथे माणसे एकमेकांकडे पाहून मिटवतात.

राहिली हाताची तक्रार. ताणलेले कातडे काठीला परत फेकते. जलद वाजवणारा प्रत्येक ठोक्याला नवी ताकद लावत नाही. परत आलेली काठी तो फक्त वळवतो. म्हणूनच हलगीवाला वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतो. थंड, सैल कातडे आवाजही देत नाही आणि काठीही परत देत नाही. ओलसर हवेत पुन्हापुन्हा शेकावे लागते. हवेतल्या ढोलाला शेकणे नाही, उतरणे नाही, फुटणे नाही; आणि म्हणून हाताला शिकवणारे कोणी नाही. खेळणाऱ्यांचा दंड भरून येतो तो येथेच.

हलगी खाली ठेवणारे

येथपर्यंत तुलना खऱ्या ढोलाच्या बाजूने झुकते. पण खऱ्या ढोलाला आणखी एक ओझे होते, ते गळ्यातल्या पट्ट्याहून जड. गावगाड्यात हलगी वाजवणे ही बहुधा कला मानली गेली नाही. ते मातंगांचे, काही ठिकाणी महारांचे, नेमून दिलेले काम होते. लग्न असो, जत्रा असो की अंत्ययात्रा, बोलावणे आले की जायचे. वाजवणारा वरातीच्या पुढे, आणि पंगतीत सर्वांच्या मागे किंवा पंगतीबाहेर. कातडे आणि त्याला लावलेला विटाळ यांची गाठ अशी बसवलेली की वाद्य सर्वांना हवे आणि त्यावर पडणारा हात कोणालाच नको.

१८८० साली मुंबई सरकारने खानदेशाचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. पिके, रस्ते, बाजार, जाती यांची त्यात बारकाईने नोंद आहे. नोंदवणारा बाहेरचा, आणि माहिती जातवार. वाजवणाऱ्याला आपल्या वाजवण्याविषयी काय वाटते, हा प्रश्न अशा नोंदींच्या चौकटीत बसणाराच नव्हता. शार्ङ्गदेवानेही तो विचारला नव्हता; त्याच्या ग्रंथात वाद्यांची मापे आहेत, वादकाचे गुणदोष आहेत, पण बोलतो तो शास्त्रकार.

वाजवणाऱ्याने आपले मत दिले ते शब्दांनी नव्हे. विसाव्या शतकात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीच्या काळात, गावोगावच्या दलित कुटुंबांनी नेमून दिलेली कामे नाकारली. वाजवणेही त्यात होते. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाचा कायदा सुधारण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ३१ जुलै १९३७ रोजी ते न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या दिवशी आजही तेथे हजारो लोक जमतात. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५९ मध्ये अंमलात आला. हातात कला असताना ती खाली ठेवणे सोपे नसते. त्या घरांनी ती ठेवली, कारण वाजवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांना वाजवण्याहून मोठा वाटला.

नंतरच्या पिढ्यांनी वाद्य पुन्हा उचलले, पण स्वतःच्या मर्जीने. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत, लोककलेच्या मंचावर हलगी कडाडते. दुसरीकडे पुण्यात शाळांच्या पथकांनी ढोल-ताशा मध्यमवर्गीय मुलांच्या आणि पुढे मुलींच्याही हाती दिला. ती लाट जळगाव-धुळ्याच्या गणेशोत्सवापर्यंत आली. हवेतला ढोल या वाटेवर एक पाऊल पुढे आहे. तो वाजवणाऱ्याची जात विचारली जात नाही. ‘ताल अंगात उतरतो म्हणजे काय ते आज कळले’ असे म्हणणाऱ्या नवख्याला कोणी हसू नये. ज्या समाजात वाद्याला शिवणे हाच प्रश्न होता, त्या समाजात कोणालाही ठोका मारून पाहता येणे ही लहान गोष्ट नाही.

दोन मते एका वहीत

तरीही एक विषमता उरते. खेळ विकणाऱ्याला खेळणाऱ्याचे मत हवे असते. हात दुखतो का, ढोल उंच वाटतो का, खूण उशिरा दिसते का, हे विचारले जाते आणि त्याप्रमाणे पुढची आवृत्ती बदलते. ज्याने पन्नास होळ्या ढोल वाहिला त्याला हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. कोणत्या झाडाचे लाकूड, कोणाचे कातडे, किती शेकायचे, रिंगण थकले हे कशावरून ओळखायचे, कोणती चाल कोणत्या वेळी वर्ज्य, या चालींना पावरी, भिल्ली, अहिराणी बोलीत काय म्हणतात, याची उत्तरे माणसांपाशी आहेत, आणि माणसे म्हातारी होत आहेत.

धुळ्याला कागद जपण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मोडी रुमालांसाठी गावोगाव पायपीट करण्याची राजवाड्यांची रीत येथे लागू पडते. फक्त रुमालाऐवजी माणसापुढे बसावे लागेल आणि शाईऐवजी ध्वनिमुद्रक लागेल. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. स्वतः न लिहिणाऱ्या त्या बाईची गाणी मुलाने आणि आप्तांनी ऐकून उतरवून घेतली, म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. ढोलवाल्याचे बोलणेही असेच कोणीतरी बसून उतरवून घ्यायला हवे, आणि येणारी होळी त्यासाठी चांगला मुहूर्त आहे.