असुराचे सोंग : अंगणातून पडद्याकडे

दिवाळीच्या चार दिवसांत कोकणातल्या माणसाला दोन असुर भेटतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले जाते. ते कारीट म्हणजे नरकासुर. त्याचा कडू रस जिभेला लावण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते. दोनच दिवसांनी बलिप्रतिपदा येते आणि आपण बळीची पूजा करून त्याचे राज्य पुन्हा यावे म्हणतो. पुराणांच्या हिशेबाने दोघेही असुर आणि दोघांचाही पाडाव विष्णूच्या अवतारांनी केलेला. तरीही एकाला आपण पायाखाली चिरडतो आणि दुसऱ्याला ओवाळतो.

खलनायकाकडे पाहण्याची ही दुहेरी नजर आपल्याकडे जुनी आहे. ती आठवण्याचे कारण मात्र नवे आहे. गेल्या पन्नास वर्षांत संगणकावरच्या खेळांमध्ये कथाकथनाचा एक स्वतंत्र प्रकार वाढला. त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. त्यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन तीस, पन्नास, कधी शंभर तास एका दीर्घ कथेत वावरतो. या खेळांतले खलनायक सरळ काळे नसतात, त्यांच्यासाठी खेळणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि हे या माध्यमाचे मोठे यश मानले जाते. ‘रोल-प्लेइंग’ला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : सोंग घेणे. त्या शब्दाच्या वाटेने गेले, तर या यशाचे नेमके स्वरूप अधिक स्पष्ट होते.

अंगणातला संकासुर

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यात आज औद्योगिक वसाहत आहे. पण या तालुक्यातल्या गावांचे वर्ष अजूनही शिमग्याभोवती फिरते. पालखी घरोघर येते, नमन-खेळे येतात आणि त्या खेळ्यांत संकासुर असतो. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू आणि हातात पट्टा. पोरे त्याला चिडवतात, तो मागे लागला की किंचाळत घरात पळतात आणि लगेच दाराच्या फटीतून तो गेला का ते पाहतात.

हा संकासुर म्हणजे कथेतला शंखासुर. त्याने वेद पळवले आणि ते परत आणण्यासाठी विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. म्हणजे गुन्हा लहान नाही. तरीही लोकांनी त्याला वेशीबाहेर ठेवले नाही. तो अंगणात येतो, नाचतो, मान घेतो. काही गावांत त्याच्यापुढे नवसही बोलले जातात.

दक्षिणेकडे सिंधुदुर्गात दशावताराच्या सुरुवातीला जो आडदशावतार होतो, त्यातही संकासुर आहे. तिथे तो मालवणी बोलतो, देवाब्राह्मणांची फिरकी घेतो, गावातल्या व्यवहारावर टोमणे मारतो आणि शेवटी विष्णूकडून मारला जातो. त्याचा शेवट ठरलेला आहे. त्याचे बोलणे मात्र ठरलेले नाही. दशावतारी नटाला लिखित संहिता नसते. आख्यान माहीत असते, संवाद त्या रात्री त्यानेच रचायचे असतात. म्हणून असुराचे काम करणाऱ्या चांगल्या नटाला देवाशी खरोखर वाद घालावा लागतो. हरायचे आहे हे ठाऊक असताना आपली बाजू पूर्ण ताकदीने मांडावी लागते. असुराला माणूसपण येते ते या वादातून.

खलनायकाचे बोलणे

संस्कृत नाट्यशास्त्राने प्रतिनायकाची व्याख्या केली होती. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त तो लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असा सांगितला आहे. पण त्याच्या कितीतरी आधी भासाने ‘ऊरुभंग’ लिहिले होते. गदायुद्धात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचा लहान मुलगा दुर्जय रणभूमीवर त्याला शोधत येतो आणि नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. मांडी आता उरलेली नाही. या एका प्रसंगात भास दुर्योधनाचे कोणतेही पाप पुसत नाही. द्यूतसभा झालेली आहे, अन्याय झालेला आहे. तरी ते मूल समोर आल्यावर न्याय मिळाल्याचे समाधान प्रेक्षकाला घेता येत नाही.

मराठी रंगभूमीच्या आरंभी मात्र असुराचा आवाज मोठा आणि अर्थ लहान होता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्या धर्तीच्या पौराणिक नाटकांत राक्षसांच्या आरोळ्यांना इतके महत्त्व आले, की पुढे ती नाटके ‘अललडुर्र’ म्हणून हिणवली गेली. राक्षस हा रंगपटातला गोंगाट झाला.

उलट दिशेचा मोठा धक्का नाटकाबाहेरून आला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी अवतारकथा दुसऱ्या बाजूने वाचल्या. त्यांच्या वाचनात बळी हा प्रजेचा राजा ठरला आणि वामन हा कपटाने राज्य घेणारा आक्रमक. कथेतल्या घटना बहुतांशी त्याच राहिल्या. सांगणारा बदलल्यावर खलनायक बदलला. पुढे आपण या रीतीकडे परत येऊ, कारण संगणक-खेळांनी नेमकी हीच रीत सव्वाशेहून अधिक वर्षांनी वेगळ्या साधनांनी वापरली.

प्रेक्षकाने घेतलेले सोंग

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. तो संगणकावरचा नव्हता. चारपाच जण टेबलाभोवती बसत, प्रत्येक जण एकेक पात्र घेई आणि एक जण सूत्रधारासारखा कथा पुढे नेई. आख्यान सूत्रधाराचे, संवाद आणि निर्णय खेळणाऱ्यांचे. दशावताराच्या रचनेशी याचे साम्य आहे. फरक एवढाच, की इथे प्रेक्षक कोणीच नाही, सगळेच सोंगाडे. या खेळात प्रत्येक पात्रावर नैतिक शिक्का असे : सुरुवातीला तीन प्रकारांचा, दशकाच्या अखेरीस नऊ प्रकारांचा. राक्षस दुष्ट, कारण त्याच्या नावापुढे तसे लिहिलेले.

हाच प्रकार संगणकावर आला तेव्हा काही वर्षे ‘दुष्टाला शोधा आणि मारा’ एवढेच चालले. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा’ मालिकेच्या चौथ्या भागात मुख्य खलनायकच काढून टाकला. खेळणाऱ्याने प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता अशा आठ गुणांची साधना करायची, हा खेळाचा उद्देश. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. पैसे आपणच मोजून द्यायचे. कमी दिले तर ती काही बोलत नाही, पण खेळ मनात नोंद करतो आणि प्रामाणिकपणा उणा होतो. खलनायकाची जागा अशी खेळणाऱ्याच्या हातात आली. गुण पूर्ण करणाऱ्याला गॅरियट यांनी जे नाव दिले ते आपल्याच घरचे होते : अवतार.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. शेवटच्या लढाईआधी त्यातला खलनायक नायकाला विचारतो, अर्धे जग देतो, माझ्या बाजूला येतोस का? बहुतेक गोष्टींत असा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर नायकाने आधीच दिलेले असते. इथे ‘हो’ म्हणण्याची सोय आहे. म्हटले तर खेळ तिथेच संपतो.

१९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ या जपानी खेळाने या प्रकाराला जगभर पोहोचवले. त्यातला सेफिरॉथ एके काळचा कीर्तिमान योद्धा. आपला जन्म प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगातून झाला हे त्याला जुनी कागदपत्रे वाचताना कळते आणि तो ते गाव पेटवून देतो. जन्माचे रहस्य उशिरा कळलेला योद्धा म्हटले की मराठी वाचकाला कर्ण आठवणार. कर्ण ते ऐकून आपल्या शब्दाला धरून राहतो, सेफिरॉथ जगावर उलटतो. या खेळाची खरी युक्ती याहून साधी आहे. पूर्वकथेच्या भागात सेफिरॉथ खेळणाऱ्याच्या शेजारी, त्याच्या तुकडीत लढतो. पुढे तोच एरिथ या तरुणीला ठार करतो. तिला खेळणाऱ्याने तासन्‌तास सोबत नेलेले, तिच्यासाठी शस्त्रे निवडलेली, तिची ताकद वाढवलेली असते. त्यानंतर ती तुकडीच्या यादीत दिसत नाही. नाटकात पात्र मेले की प्रेक्षक रडतो. इथे रडण्याबरोबर आपण केलेले काम वाया गेल्याची बोचही असते.

दुसऱ्यांदा वाचलेली कथा

आता फुल्यांच्या रीतीकडे येऊ. २०१० साली जपानमध्ये योको तारो यांच्या दिग्दर्शनाखाली ‘निअर’ हा खेळ निघाला. आजारी मुलीला वाचवण्यासाठी नायक सावल्यांसारख्या राक्षसांना मारत जातो आणि खेळ संपतो. मग तो पुन्हा खेळायचा. दुसऱ्या वेळी प्रसंग बहुतेक तेच, लढाया त्याच. पण आता त्या सावल्यांची भाषा आपल्याला कळते. त्या घाबरलेल्या असतात, आपल्या माणसांना वाचवत असतात, आणि त्या मूळच्या माणसांचेच अवशेष असतात. घटना बदललेल्या नाहीत, ऐकू येणारी बाजू बदलली. बळीची कथा दुसऱ्या बाजूने ऐकण्याचा अनुभव हाच. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. ‘गुलामगिरी’च्या वाचकाने वामनाच्या बाजूने तलवार चालवलेली नसते. ‘निअर’ खेळणाऱ्याने ती चालवलेली असते.

१९९९ च्या ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’मध्ये नायकाला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही. खेळ जसा पुढे जातो तसे कळते, की आपणच मागच्या आयुष्यांत अनेकांची वाताहत केली आहे. शेवटचा शत्रूही त्याच्यापासून वेगळे काढलेले त्याचेच मर्त्यत्व निघते. त्याला केवळ बोलून, वाद घालूनही जिंकता येते. २०१५ च्या टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’मध्ये एकाही राक्षसाला न मारता खेळ पूर्ण करता येतो. मारणाऱ्याला गुण मिळतात, पातळी वाढते. शेवटाजवळ खेळ सांगतो, की ही पातळी हिंसेची होती. पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतले तरी आधीच्या खेळातल्या काही गोष्टी त्याला आठवत राहतात.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट ठळक होते. खलनायकाला दुःखी बालपण दिले की तो आपोआप करडा होतो, असा समज लेखकांत आणि खेळ बनवणाऱ्यांतही आहे. तसे झाल्याने कणव वाटते खरी, पण ती लवकर विरते. टिकते ती अस्वस्थता, आणि ती खेळणाऱ्याच्या स्वतःच्या सहभागातून येते. आंधळ्या बाईला कमी पैसे मी दिले. सावल्यांना मी मारले. सोंग घेतल्याशिवाय हे कळत नाही.

करडेपणा म्हणजे माफी नव्हे

यात एक धोका आहे. ‘प्रत्येकाची काही तरी बाजू असते’ असे म्हणत कोणतेही कृत्य धुऊन काढता येते. २०१५ च्या ‘द विचर ३’ या पोलिश खेळातला जहागीरदार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो दारुडा आहे, बायकोला मारतो. त्या मारहाणीनंतर तिच्या पोटातले मूल जाते, नीट पुरले न गेल्यामुळे त्याचे भूत होते. तो मोकळेपणाने रडतो, बायकोमुलीला शोधून आणा म्हणून विनवतो. खेळणाऱ्याला त्याची दया येते आणि दया आल्याचा रागही येतो.

हा प्रसंग खेळताना मराठी माणसाला गडकऱ्यांचा सुधाकर आठवल्याशिवाय राहत नाही. ‘एकच प्याला’ १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. सुधाकर बुद्धिमान वकील, मानी, प्रेमळ नवरा. आणि त्याच्याच हातून, दारूच्या धुंदीत, त्याचे मूल मरते. त्याच्या पतनाची एकेक पायरी गडकरी दाखवतात, तळीरामासारखी संगतही दाखवतात, पण दोष संगतीवर ढकलून सुधाकराला सोडत नाहीत. शेवट विषाच्या प्याल्याने होतो. कारण समजणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गडकऱ्यांना पक्के ठाऊक होते. भासानेही दुर्योधनाचे पाप खोडले नव्हते. संकासुर अंगणात मान घेतो, तरी रंगमंचावर त्याचा वध चुकत नाही.

आपल्या घरातले असुर

२०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ जगभर प्रसिद्ध केला. तो रोल-प्लेइंग गेम नव्हे, साहसखेळ आहे. पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्यांचे प्रसंग आणि कथा सांगणारे दुर्गा-विष्णूंचे आवाज यांमुळे तो लक्षणीय ठरला. सर्कशीतली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधते, ही त्याची कथा, आणि बहीण-भावाचे नाते हा तिचा जिव्हाळा. त्यातले असुर मात्र मुख्यतः वाटेतले अडथळे आहेत. भारतीय पुराणकथेला या माध्यमात जागा मिळवून देणे हेच पहिले काम होते, त्यामुळे ही तक्रार नाही. पण जपानी आणि पोलिश कथाकार राक्षसाला बोलते करत असताना, ज्यांच्या अंगणात असुर दरवर्षी येऊन नाचतो त्यांनी त्याला पुन्हा ‘अललडुर्र’ करू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

नमन-खेळ्यांत आणि दशावतारात सोंग घेणाऱ्या मुलांच्या हातात आज मोबाइलही आहे. तीच मुले रात्री पडद्यावर दुसऱ्या देशातल्या असुराशी वाद घालत असतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या खेळ लिहायला बसले तर साहित्याची वाण नाही : वेद पळवून मालवणीत गप्पा मारणारा चोर, तीन पावलांत राज्य गेलेला राजा, मोडक्या मांड्यांचा बाप. हवी फक्त त्यांच्या बाजूने एक रात्र बोलून पाहण्याची तयारी. दशावतारी नट ती दरवेळी दाखवतो.

यंदा कारीट फोडाल तेव्हा रस जिभेला लावायला विसरू नका. असुर पायाखाली गेला तरी त्याची कडू चव आपल्या तोंडात राहावी, ही रीत ज्यांनी घातली त्यांना सोंगाचा अर्थ कळला होता.