संगणक-विषाणूंचे निवारण आणि गृहस्थाची निवड

घरातील संगणकासाठी विषाणूरोधक आज्ञावली निवडणे ही वरवर पाहता बाजारहाटाची बाब होय; वस्तुतः तिच्यामागे ‘कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा’ हा प्रश्न उभा असतो. या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांत पालटत गेले असून महाराष्ट्रापुरते पाहिल्यास त्याचे तीन टप्पे संभवतात.

प्रथम संज्ञेचा विचार करणे उचित ठरेल. स्वतःची प्रत इतर आज्ञावलींत घुसवणाऱ्या आज्ञावलीचे प्रात्यक्षिक फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत करून दाखविले. तिला ‘व्हायरस’ हे नाव लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. लॅटिनमधील या शब्दाचा मूळ अर्थ विष असा असून संस्कृत ‘विष’ हा त्याचाच सगोत्र आहे. म्हणजे ‘विषाणू’ हा मराठी प्रतिशब्द योजताना जुने नातेच पुन्हा जोडले गेले. लोकव्यवहाराने मात्र निराळा मार्ग धरला: अँटिव्हायरस ‘टाकतात’, फॉरमॅट ‘मारतात’. या क्रियापदांचा कर्ता बहुधा घरचा मनुष्य नसतो, दुरुस्ती करणारा कारागीर असतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

पहिला टप्पा या कारागिराचाच. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी रचलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून पसरला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नोंदविले होते. आंतरजाल घरोघरी नसताना संसर्ग हातोहात फिरे आणि उपायही हातोहातच मिळे. पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ केलेल्या कैलास काटकर यांच्याकडे बिघडलेले संगणक येऊ लागले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे बंधू संजय यांनी त्यांतील विषाणू काढण्याची साधने लिहिली. या उद्योगातून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. पुढे २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात नोंदले गेले. संगणक विकणारा व दुरुस्त करणारा हाच या मालाचा प्रमुख विक्रेता राहिला, हे या उगमाशी सुसंगतच होते.

दुसरा टप्पा वर्गणीचा. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी सतत नवी करावी लागत असल्याने गृहस्थ वस्तू नव्हे, तर वर्षभराची सेवा विकत घेऊ लागला. येथे ग्रामीण महाराष्ट्राची अडचण स्पष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठचे मेहकर घ्या. अशा तालुक्याच्या गावी आंतरजालाची जोडणी मंद वा महाग असेल, तर तबकडीवरील आज्ञावली बसविल्या दिवसापासूनच जुनी होऊ लागते. दुसरीकडे छपाईच्या दुकानातून घरी परतणारा पेन ड्राइव्ह नवा संसर्ग घेऊन येऊ शकतो. २००८ मधील ‘कॉन्फिकर’ने पसरण्यासाठी जाळ्याबरोबर हाच मार्ग वापरला होता. पेट्यावरील वर्षाची मुदत आणि प्रत्यक्ष संरक्षणाची मुदत या दोन भिन्न गोष्टी होत, हे अशा ठिकाणी प्रकर्षाने जाणवते.

तिसऱ्या टप्प्यात निवडीचा पायाच बदलला. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने विषाणूरोधक संरक्षण प्रणालीतच अंतर्भूत केले. जर्मनीतील एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज यांसारख्या स्वतंत्र परीक्षण-संस्थांचे निष्कर्षही कोणालाही वाचावयास मिळू लागले. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राने विनामूल्य साधने उपलब्ध करून दिली. विक्रेत्याचा शब्द पडताळण्याची सोय प्रथमच सामान्य गृहस्थाच्या हाती आली.

तथापि कोणतेही परीक्षण पूर्ण अभय देऊ शकत नाही. कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, असे कोहेन यांनी १९८४ च्या निबंधातच दाखविले होते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या छिद्रातून प्रवेश केला, ते बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच प्रसृत झाली होती; हानी मुख्यत्वे ती न बसविणाऱ्यांची झाली. विंडोज १० चा सर्वसाधारण विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने हा प्रश्न आज जुने संगणक वापरणाऱ्या घरांपुढे पुन्हा उभा आहे.

यावरून निवडीचा क्रम उलगडतो. आधी मूळ प्रणाली अद्ययावत आहे काय, हे पाहावे; मग अंतर्गत संरक्षण चालू आहे काय, ते तपासावे; त्यानंतरच वर्गणीचा विचार करावा. दोन विषाणूरोधक एकत्र चालविल्यास ते परस्परांना अडथळा करतात, म्हणून एकच ठेवावा. जमिनीची कागदपत्रे, मुलांची प्रमाणपत्रे व छायाचित्रे यांची वेगळी प्रत संगणकापासून तोडून ठेवावी, कारण खंडणीखोर विषाणू जोडलेल्या तबकडीलाही सोडत नाही.

पैसे मोजून घेतलेल्या आज्ञावलीचे समर्थन मग कशात उरते? मुख्यतः साहाय्यात. संकटकाळी मराठीतून बोलणारा व घरी येणारा मनुष्य मेहकरच्या कुटुंबास परीक्षणातील एखाद्या अधिक गुणापेक्षा मोलाचा वाटू शकतो. मात्र विक्रीत त्याचाही लाभ असतो. म्हणून मदतीसाठी कारागीर आणि निर्णयासाठी स्वतंत्र परीक्षण, असा भेद गृहस्थाने करणे इष्ट होय. पहिल्या टप्प्यात या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या, आज त्या तशा राहण्याचे कारण उरलेले नाही.