टुनटुनचं गाणं आणि 'अनपेक्षित' हा शब्द

माझ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'विनोदी अभिनेत्री टुनटुन हिच्याकडे गाण्याचीही अनपेक्षित देणगी होती.' गाइडनी 'अनपेक्षित'भोवती गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कोणाला?'

डहाणू लोकलमध्ये विरारनंतर गर्दी ओसरली, तेव्हा बोईसर येईपर्यंत मी त्याच शब्दाशी झटत होतो.

आधी सनावळी मांडली. १९४७ साली कारदारांचा 'दर्द' आला. संगीत नौशाद यांचं. त्यातलं उमादेवी या नव्या गायिकेचं गाणं घराघरांत पोचलं. १९४८ च्या 'चंद्रलेखा'च्या हिंदी आवृत्तीतही ती गायली. मग लता मंगेशकरांचं युग सुरू झालं. १९५० च्या 'बाबुल'मध्ये उमादेवी विनोदी भूमिकेत पडद्यावर आली आणि टुनटुन झाली. पुढे 'आरपार', 'प्यासा' आणि असे कितीतरी चित्रपट.

म्हणजे गाणं आधी, विनोद नंतर! माझ्या वाक्यातला 'ही' चुकीचा होता. मी शेवटाकडून सुरुवातीकडे बघत होतो. इतिहास लिहिताना आपण सगळेच या खड्ड्यात पडतो.

उत्तर सापडलं, असं वाटलं: १९४७ च्या प्रेक्षकाला यात अनपेक्षित काहीच नव्हतं. घरी आल्यावर आजीला सहज विचारलं. ती म्हणाली, "उमादेवी रेडिओवर ऐकलेली. टुनटुन सिनेमात बघितलेली. दोघी एकच, हे फार उशिरा कळलं बाई!"

झालं, माझं उत्तरही कोसळलं. आश्चर्य खरंच होतं. मग ते आलं कुठून?

संगीत नाटकात असं झालं नसतं. बालगंधर्व समोर उभे राहून गात. आवाज आणि चेहरा एकाच देहाचे. पार्श्वगायनाने ती जोडी तोडली. 'दर्द'मध्ये आवाज उमादेवीचा, चेहरा मुनव्वर सुलतानाचा. नंतर टुनटुनचा चेहरा सगळ्यांना पाठ झाला, पण तिचं गाणं मागे पडलं. मधे नावही बदललं. एकाच बाईच्या दोन ओळखी झाल्या, त्या तंत्राने आणि धंद्याच्या रीतीने.

तुलनेसाठी हॉलिवूडची मॅडेलिन कान घ्या. तिने ऑपेराचं शिक्षण घेतलं होतं आणि १९७० मध्ये पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मध्ये ती गायलीही होती. १९७४ च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तिचा तोच कमावलेला आवाज विनोदासाठी वापरला गेला. तिथे चेहरा आणि गळा एकत्रच राहिले. टुनटुनच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा आले ते तिच्या जाडेपणावरचे विनोद.

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, 'अनपेक्षित', 'आश्चर्यकारक', 'विस्मृतीत गेलेली' असे शब्द लिहिलेत की थांबा. कोणाला अनपेक्षित? कोण विसरलं, आणि कशामुळे? बऱ्याचदा खरा संशोधनप्रश्न त्या विशेषणाखालीच दडलेला असतो.

माझं वाक्य आता असं आहे: 'गायिका उमादेवी आणि अभिनेत्री टुनटुन एकच, हे पार्श्वगायनाच्या पद्धतीमुळे अनेक प्रेक्षकांच्या लक्षात आलं नाही.'

गाइडनी त्यातल्या 'अनेक'भोवती गोल केलाय. म्हणजे आता आजीच्या वयाच्या आणखी लोकांशी बोलायला हवं.