घरबसल्या विमानविद्या

नाशिकच्या आसमंतांत दोन संस्था आहेत. गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि आग्र्याच्या रस्त्यावर ओझरचा विमान-कारखाना. पहिलीचें ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. दुसरींत विद्या धातूवर उतरते. तेव्हां विमानविद्येची पदवीहि घरबसल्या मिळावी, अशी अपेक्षा येथें कोणीं धरिली तर तींत नवल नाहीं.

कारखाना वयानें वडील. १९६२ सालीं मिग-२१ विमानांबाबत सोव्हिएट रशियाशीं करार झाला आणि कामाची वांटणी झाली : इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणें हैदराबादेस, विमानाचा सांगाडा ओझरला. १९६४ मध्यें हा सारा पसारा हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कंपनीखालीं आला. अशा कारखान्यांतील हुशार तंत्रज्ञास इंजिनियर व्हावयाचें असलें, तर नोकरी सोडून चार वर्षें कॉलेजांत बसणें परवडावें कसें?

त्याच्यासाठीं एक वाट होती. १९४८ मध्यें स्थापन झालेल्या एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या सहसदस्यत्वाची परीक्षा दोन भागांत होई. अभ्यास स्वतःचा, परीक्षा संस्थेची. आणि उत्तीर्ण होणारास विमान-अभियांत्रिकीच्या पदवीधराची बरोबरी भारत सरकार देत असे. घरबसल्या पदवीची ही खरी पूर्वज म्हणावयाची. परंतु सरकारनें डिसेंबर २०१२ मध्यें हुकूम काढला, आणि ३१ मे २०१३ पर्यंत नांव नोंदविलेल्या उमेदवारांपुरतीच ही बरोबरी उरली.

मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं राज्याच्या कायद्यानें निघालें. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. नोकरदार, गृहिणी, शेतकरी यांच्या दारीं पदवी नेण्याचें त्याचें कार्य मोठें आहे. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनीं अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीनें देण्यास मनाई केली आहे. त्यापूर्वींच, ३ नोव्हेंबर २०१७ रोजीं, कांहीं अभिमत विद्यापीठांनीं तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेवांचून पत्रद्वारें दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयानें कुऱ्हाड चालविली होती.

मनाईला कारण आहे. पंखावरील दाबाचें गणित पडद्यावर शिकवितां येतें. पण बंद बोगद्यांतून वेगानें वारा सोडून पंखाच्या नमुन्यावरील तोच दाब मोजूं लागलें, म्हणजे आंकडे गणिताशीं भांडूं लागतात; तें भांडण सोडविणें हेंच शिक्षण. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठ या विषयांतील मास्टरची पदवी ऑनलाइन देतें खरें, पण ती आधींच पदवी घेतलेल्यांना. न्यायालयाचा निर्णय म्हणून योग्यच वाटतो. मात्र सोसायटीची वाट बंद होण्यानें अन्याय झाला. तेथें पदवी विकत मिळत नव्हती. दोन्ही भागांची परीक्षा द्यावी लागे. आणि कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्या उमेदवारास प्रत्यक्ष कामाची उणीव ती काय असणार?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानानें ओझरहून उड्डाण केलें. तें कसें उडतें, हें आज नाशिकच्या कोणाहि मुलास आय. आय. टी.च्या प्राध्यापकांकडून घरीं बसून, विनामूल्य ऐकतां येतें. ‘एनपीटेल’ या उपक्रमांत विमानविद्येचीं अनेक व्याख्यानें आहेत. परीक्षेस मात्र केंद्रावर जावें लागतें. प्रमाणपत्र मिळतें तें त्या एका विषयाचें; पदवीसाठीं कॉलेजच गांठावें लागतें.