मूळ ग्रंथ आणि नकलेतील दुरुस्ती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, तो सजीवांच्या पेशींत लिहिलेला आहे. त्याचे एक पान आपल्या विदर्भातच उघडले गेले. म्हणून आरंभ तेथूनच करू.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला. नागपुरातील डॉक्टरांना त्याच्या रक्तात वळवळणारे जंतू दिसले. ते निघाले सर्रा रोगाचे! १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माइलखान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधलेला हा जंतू माणसाला सहसा बाधत नाही. आपल्या रक्तातील एक प्रथिन त्याला मारून टाकते. मग हाच माणूस का सापडला? उत्तर २००६ साली मिळाले. डी.एन.ए. हा पेशीतील मूळ ग्रंथ. त्यातील मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एखादे अक्षर कमी-जास्त झाले की पुढचे सारे वाचन घसरते. त्या प्रथिनाचा मजकूर या शेतकऱ्याच्या ठायी, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत, असाच घसरलेला होता. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

आता योगायोग पाहा. सर्राच्या जंतूचा आफ्रिकेतील भाऊबंद निद्रारोग पसरवतो. त्याच्या पेशीतील ऊर्जाघराच्या एका मजकुरातही अशीच घसरण आहे, आणि तरीही तो जगतो! १९८६ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे रॉब बेने आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे कारण दाखवले. ग्रंथावरून आर.एन.ए.ची जी नक्कल निघते, तिच्यात चार अक्षरे मागाहून घातलेली होती; मूळ ग्रंथात ती नव्हतीच. हेच आर.एन.ए.चे संपादन.

प्राण्यांत ही रीत निराळी आहे आणि ती स्वतंत्रपणे उपजली. एक विकर नकलेतील 'अ' हे अक्षर असे बदलते की ते 'ग' म्हणून वाचले जाते. अक्षर एकच, पण परिणाम केवढा! १९९१ साली हायडेलबर्ग येथे पीटर सीबुर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, मेंदूतील एका प्रथिनात असा बदल जवळजवळ प्रत्येक नकलेत होतो. तो न झालेले उंदीर झटके येऊन लहानपणीच मेले. दुसरे कामही तितकेच मोलाचे: या खुणेवरून शरीराचे रक्षक स्वतःचा आर.एन.ए. ओळखतात, खूण नसेल तर त्याला विषाणू समजून घरातच लढाई सुरू होते.

तेव्हा दुरुस्ती गरजेपोटीच जन्मली, असे वाटते ना? आम्हांला ते पटत नाही. कारखान्यातले एक उदाहरण घ्या. ड्रॉइंगमध्ये चूक असते. जुना फिटर कानस मारून जॉब बसवून देतो. माल बिनतक्रार जातो, म्हणून ड्रॉइंग कोणी सुधारत नाही. उलट चुका साठत जातात. मग एके दिवशी फिटर रजेवर गेला की सारे खाते बंद! तो आरंभी अपरिहार्य नव्हता. चुका खपत गेल्यामुळे झाला. १९९३ साली कोव्हेलो आणि ग्रे यांनी संपादनाच्या उत्क्रांतीविषयी याच धर्तीचा विचार मांडला. २००० सालच्या एका प्रयोगाने त्याला बळ दिले: उंदरांच्या मूळ ग्रंथातच ते एक अक्षर बदलले, तेव्हा मेंदूतील संपादन करणारे विकर नसतानाही ते जगले.

पण अंगी आलेले कसब पुढे नव्या कामीही येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्टोपसला थंड पाण्यात ठेवताच त्याने थोड्याच दिवसांत हजारो ठिकाणचे संपादन वाढवले. मात्र याची किंमतही आहे: संपादनाच्या जागांभोवतालचा मूळ मजकूर फारसा बदलू शकत नाही, असे २०१७ साली दिसले होते.

आणि सर्राचा जंतू? एका जनावरातून दुसऱ्यात तो चावणाऱ्या माशीच्या सोंडेवरूनच जातो. माशीच्या पोटात वाढण्याची त्याला गरज उरली नाही, म्हणून तो मजकूरच त्याने गमावला. ज्याची दुरुस्ती करायची तेच गेले, आणि दुरुस्तीचा कारागीर जवळजवळ बेकार झाला.

म्हणून एखादी गोष्ट आज अपरिहार्य आहे, एवढ्यावरून ती तशीच असायला हवी होती असे समजू नये. ती तशी कशी होत गेली, हे विचारणे हाच इतिहास.