परदेशी शिक्षण आणि पालकांची संमती : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

परदेशी शिक्षणाचा इतिहास बहुधा जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. त्यांना पाठविणाऱ्या आई-वडिलांच्या मनातील द्वंद्वाची नोंद अभावानेच आढळते. पालकांचा विरोध म्हणजे अज्ञान, असे समीकरण त्यामुळे रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात सातारा-सांगली परिसरातील काही उदाहरणांच्या आधारे या समीकरणाचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

विरोधाचे स्वरूप :

एकोणिसाव्या शतकात समुद्रपर्यटन हे धर्मबाह्य मानले जाई आणि परत आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. दि. 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, याचे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची ग्वाही होती. ती त्यांनी पाळली. परंतु 1886 मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आनंदीबाई फेब्रुवारी 1887 मध्ये क्षयाने निवर्तल्या. तेव्हा धर्मभयाच्या जोडीला आरोग्याचे भयही होते आणि ते निराधार नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण :

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. 1922 मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुराव वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चुलतभाऊ माधव यांच्यासमवेत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिक्षणासाठी गेले. लक्ष्मणराव स्वतः अमेरिकन यंत्रविषयक मासिके व माहितीपत्रके वाचून यंत्रविद्या आत्मसात करीत आले होते. त्यामुळे तो देश त्यांना कागदावर तरी परिचित होता. मुलाच्या सोबतीला घरचेच माणूस होते आणि परतल्यावर करावयाचे काम वाडीत तयार होते. परिचय, सोबत आणि परतीचे प्रयोजन या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आलेल्या दिसतात.

तथापि या यशोगाथेस दुसरी बाजूही आहे. माधव यांना परदेशात क्षयाने गाठले आणि त्या आजारातच पुढे त्यांचा अंत झाला. शंतनुराव 1926 मध्ये पदवी घेऊन परतले व मराठी उद्योजकतेचे प्रतीक ठरले. एकाच घरातून निघालेल्या दोन मुलांपैकी एकाचेच नाव सर्वतोमुखी झाले. पालकांच्या भीतीचे मूल्यमापन करताना दुसऱ्याचाही विचार होणे अगत्याचे आहे.

राजघराणे आणि रयत :

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डमध्ये शिकून व बॅरिस्टर होऊन परतले आणि 1939 च्या औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगात त्यांनी पुढाकार घेतला. राजपुत्राच्या बाबतीत खर्चाचा प्रश्न गौण होता. रयतेची स्थिती मात्र अगदी वेगळी होती. शेतकऱ्याच्या मुलाने शाळेत जाणे म्हणजे शेतातील दोन हात कमी होणे. मग परदेशाची गोष्ट तर दूरच.

येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य लक्षणीय ठरते. एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. खेड्यातील आई-बापांना साताराही परमुलूखच होता. बोर्डिंगमध्ये मुलाच्या जेवणाची, राहण्याची व वळणाची हमी संस्थेने घेतली. याच बोर्डिंगचे विद्यार्थी पी. जी. पाटील पुढे इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्या कार्यात राहिले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

साताऱ्याच्याच शासकीय शाळेत 1900 मध्ये दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. वडील रामजी त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला. म्हणजे येथे परतीचे प्रयोजन कुटुंबाने नव्हे, तर करारपत्राने निश्चित केले होते.

निष्कर्ष :

उपरोक्त उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, केवळ युक्तिवादाने संमती मिळत नाही. ती हमीने मिळते. आनंदीबाईंनी ती शब्दाने दिली, किर्लोस्करांकडे ती कारखान्याने दिली, बडोद्याने कराराने आणि रयतने संस्थेच्या विश्वासाने दिली. ज्या घराकडे यांपैकी काहीच नव्हते, तेथील नकार हा मागासलेपणाचा पुरावा नसून साधनांच्या अभावाचा हिशेब होता.

आजही शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठीच आहे. बारावीनंतर बाहेर जाऊ इच्छिणाऱ्या मुलामागे बहुधा कर्ज आणि तारण ठेवलेली मालमत्ता एवढाच आधार असतो. अशा वेळी पालकांचे प्रबोधन करण्यापूर्वी, त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारी कोणती हमी आपली महाविद्यालये देऊ शकतात, याचा विचार अध्यापकांनी करावयास हवा. भाऊरावांनी आई-बापांना आधी हमी दिली आणि मगच त्यांचे मूल मागितले, हा या परिसराचा वारसा आहे.