काबूलचा मरजान

मरजान म्हणजे पोवळे. सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीने हा शब्द येतो, म्हणून आपल्या घरांत तो ओळखीचा आहे. काबूलमध्ये मात्र मरजान म्हटले की एक जखमी सिंह आठवतो.

काबूलचे प्राणिसंग्रहालय १९६७ साली सुरू झाले. पुढच्या दशकात जर्मनीतील कोलोनच्या प्राणिसंग्रहालयाने मरजानला तेथे भेट म्हणून पाठवले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८९ मध्ये परत गेल्या. १९९२ मध्ये नजीबुल्लाह यांचे सरकार पडले आणि मुजाहिदीनांचे गट आपसांतच लढू लागले. प्राणिसंग्रहालय नेमके लढाईच्या तोंडावर होते. भिंती कोसळल्या, कितीतरी प्राणी गोळ्यांनी आणि उपासमारीने मेले.

याच काळात एक सैनिक बहादुरी दाखवायला पिंजऱ्यात उतरला. त्याने सिंहिणीला हात लावला, असे सांगतात. मरजानने त्याला ठार केले. दुसऱ्या दिवशी त्या सैनिकाच्या भावाने मरजानवर हातबॉम्ब फेकला. मरजानचा एक डोळा गेला, दुसरा जवळजवळ निकामी झाला, जबडा फाटला. सिंहाने केले ते त्याच्या स्वभावाप्रमाणे. सूड घेतला तो माणसाने.

तरीही मरजान जगला. १९९६ मध्ये तालिबान आले, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. तो तेथेच होता. मग परदेशी पत्रकार आले, त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. युरोप-अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी निधी जमवला, प्राण्यांचे डॉक्टर पोहोचले. पण उशीर झाला होता. जानेवारी २००२ च्या अखेरीस मरजान वार्धक्याने मेला. त्याला तेथेच पुरले. आज प्राणिसंग्रहालयात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे.

हजारो माणसे मेली तेव्हा गप्प असलेले जग एका सिंहासाठी रडले, असा राग कोणाला आला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण काबूलच्या माणसांचे रडणे वेगळे होते. त्या शहरात प्रत्येक मृताला एक बाजू होती. हा पश्तून, तो ताजिक, हा हजारा; हा आमचा, तो त्यांचा. एकासाठी रडावे तर दुसरा दुखावतो. मरजान कोणत्याच गटाचा नव्हता. त्याच्यासाठी सगळ्यांना एकत्र रडता आले. आंधळा, जखमी, उपाशी आणि तरीही जिवंत, अशा त्या सिंहात शहराने स्वतःला पाहिले.

म्हणून त्याचा पुतळा मला पराक्रमाचे स्मारक वाटत नाही. ज्यांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, त्या माणसांचीही ती एक कबर आहे. एकमेकांच्या मृतांसाठी रडायला आपल्याला मध्ये एखादा सिंह का लागतो, हे मात्र ज्याने त्याने स्वतःला विचारावे.